धुरपतामायचं उलटं वाचन

धुरपतामाय मोबाइलसमोर बसताना डोक्यावर पदर घ्यायची. आधी चपला दाराबाहेर, मग सतरंजीवर मांडी, मग पदर आणि मग, "हां म्याडम, करा सुरू." मोबाइल माझा असे. शाळेच्या खुर्चीवर पाण्याच्या बाटलीला टेकवून मी तो उभा करी आणि त्यातून एक पुरुषी आवाज हत्तीची नाहीतर मुंगीची गोष्ट वाचून दाखवी. पहिल्या दिवशी मी हसून म्हणाले, "माय, आत कोणी नाही हो. मशीन आहे ते." ती म्हणाली, "असंन. पर आवाज तं बाप्याचा हाय ना? शिकेल माणसासमोर उघड्या डोक्यानं बसत्यात का?" झालं. पुढच्या आठवड्यापर्यंत वर्गातल्या सगळ्या बायकांच्या डोक्यावर पदर आले, आणि मीसुद्धा एकदा नकळत ओढणी सारखी केली.

मी तेव्हा भोकरदन तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. मूळची मी जालन्याची, मस्तगडच्या दुकानांच्या गजबजाटात वाढलेली. खेड्यात रुळायला मला वेळ लागला. त्यातून शिक्षकाच्या वाट्याला शिकवण्याखेरीज जी कामं येतात त्यांत प्रौढांच्या साक्षरता वर्गाची भर पडली, तेव्हा मी कपाळाला हात लावला. वर्ग संध्याकाळी शाळेच्याच खोलीत भरे. बायका दिवसभर मिरची तोडून येत. बाराखडी कशीबशी पार पडली, पण पुस्तिकेतले धडे सुरू झाल्यावर एक जांभई दारापासून निघायची ती फळ्यापर्यंत पोचायची. त्यात माझीही असायची.

मग एका मैत्रिणीनं मला मोबाइलवरचं वाचनाचं ॲप दाखवलं. मूळचं लहान मुलांसाठी केलेलं, पण फुकट. मोठ्या अक्षरांत गोष्ट दिसे. आधी तो आवाज ती वाचून दाखवी, मग आपण मोठ्यानं वाचायचं आणि मोबाइल ऐकणार. शब्द बरोबर वाचला की हिरवा, चुकला की लाल. गोष्ट संपली की टाळ्या वाजत, तारे मिळत आणि एक चष्मेवालं घुबड पंख हलवत म्हणे, "शाब्बास, बाळ!" गावात रेंज नावालाच होती, म्हणून मी रविवारी भोकरदनच्या खोलीवर आठवड्याच्या गोष्टी उतरवून घ्यायची आणि सोमवारी भाजीसारख्या ताज्या ताज्या वर्गात न्यायची.

घुबडाचं 'बाळ' ऐकून पहिल्या दिवशी वर्ग हसून लोळला. धुरपतामाय मात्र हसली नाही. तिनं मोबाइलकडे वाकून त्याला नीट समजावलं, "बाळ कोणाला म्हणतो रे? माझ्या नातीला लेकरू झालंय." मोबाइलशी ती अशीच बोले. आवाज भरभर वाचू लागला की म्हणे, "जरा दमानं. एस्टी चुकून राह्यली का तुझी?" शब्द हिरवा झाला की मान डोलावून, "हां, बराबर." जणू परीक्षा मोबाइलची चालली होती. त्या आवाजाला बायकांनी 'मास्तर' असं नाव ठेवलं होतं. "मास्तर लई शिकेल हाय," धुरपतामाय म्हणे, "पर कामधंदा न्हाई त्याला. दिवसभर मोबाइलात बसून राह्यतो."

फुकट ह्या शब्दाचा मात्र तिला संशय होता. "काहून फुकट? बिलकुल खर्चा न्हाई म्हंजे कुठंतरी पाणी मुरून राह्यलंय." मी सांगितलं की काही माणसं गोष्टी लिहितात, काही चित्रं काढतात, काही आवाज देतात आणि सगळ्यांना वाचता यावं म्हणून तसंच सोडून देतात. त्यावर ती म्हणाली, "मंग त्या लोकायला एकडाव गावात बोलवा की. खीर खाऊ घालू." तो निरोप मी अजून कोणाला पोचवू शकलेले नाही. कुठे पोचवायचा तेच माहीत नाही.

मोबाइलला कोणी शिवायचं हे ठरवण्याचा मान तिनं आपल्याकडे घेतला, त्यालाही कारण घडलं. एकदा तोडणीवरून थेट आलेल्या शेवंताबाईनं, म्हणजे तिच्या शेजारणीनं, पडद्यावर बोट फिरवून गोष्ट पुढे सरकवली. मी तोच मोबाइल पिशवीत टाकला, घरी गेले आणि फोनवर बोलून झाल्यावर डोळा चोळला. मिरचीच्या हाताचा गुण पडद्यावरून डोळ्यापर्यंत येतो हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी माझा सुजलेला डोळा पाहून धुरपतामायनं शेवंताबाईला झापलं आणि नियमच घालून दिला. आधी राखेनं हात घासायचे, मग साबणानं, मग तिनं वास घेऊन 'पास' म्हणायचं, आणि मगच मास्तरला हात लावायचा.

ती उंच होती, काटक, आवाजानं खणखणीत. वर्षानुवर्षं मिरची खुडून उजव्या अंगठ्याच्या नखाला कायमची खाच पडली होती. बोलताना मी तिला 'तुम्ही'च म्हणे, लिहायला बसल्यावर मात्र ती आपोआप 'ती' झाली. मला ती फार आवडायची. वर्गाला ती खाडा करत नसे आणि दुसऱ्यांना करू देत नसे. "आज कंबर दुखून राह्यली," असं कोणी म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, "मंग कंबर घरी ठेव अन् डोळे घेऊन ये."

वर्गाला का आलात, असं मी सगळ्यांना विचारलं होतं. कोणाला अंगठा नको होता, कोणाला एस्टीची पाटी वाचायची होती. धुरपतामायचं उत्तर वेगळं होतं. तिच्या सासऱ्याच्या पिढीनं धम्मदीक्षा घेतलेली. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि पुढे आश्विन पौर्णिमेपर्यंत गावातल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जातो. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. "लगीन होऊन आल्ते तवापासून ऐकून राह्यले," ती म्हणाली. "आधी सासरे वाचायचे, आता भाऊजी वाचतेत. मला बी एक दिवस तिथं बसून एक पान वाचायचंय. ज्यादा न्हाई. एक पान." हे सांगताना तिनं पहिल्यांदाच आवाज खाली आणला.

भाऊजी म्हणजे यादवदादा, तिच्या नवऱ्याचे चुलतभाऊ, एस्टीतून निवृत्त झालेले कंडक्टर. आवाज असा की विहारातलं वाचन पारावर ऐकू यावं. त्यांची ना नव्हतीच. ते दर वर्षी म्हणायचे, "वहिनी, या की कवा बी. तुम्हाला तं समदा ग्रंथ पाठ हाय."

ॲपमध्ये धुरपतामाय सगळ्यांच्या पुढे होती. मास्तर एकदा वाचणार, फार तर दोनदा, की तिची पाळी. पडद्यापासून इंचभर वर बोट धरून ती असं काही घडाघडा वाची की शब्दांची हिरवी रांग लागे. तारे तर इतके साठले की घुबडानं तिला मुकुट दिला. मी खूश होते. शाळेत सहकाऱ्यांना सांगत सुटले होते की अशी प्रगती मी पोरांतही पाहिली नाही.

आणि मग एका संध्याकाळी मोबाइलचं चार्जिंग संपलं. सकाळपासून शाळेची ऑनलाइन माहिती भरून भरून तो बिचारा अर्धमेला झाला होता. धुरपतामाय वाचत होती. कोल्हा विहिरीपाशी पोचला होता. अचानक पडदा काळा झाला. धुरपतामायचं बोट थांबलं नाही. काळ्या काचेवरून ते डावीकडून उजवीकडे सरकत राहिलं, ओळ संपली की खाली उतरत राहिलं. कोल्हा विहिरीत डोकावला, फसला, बाहेर निघाला, घरी गेला. "संपली गोष्ट," असं म्हणून तिनं बोट उचललं, वाट पाहिली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "म्याडम, आज टाळ्या काहून न्हाई वाजल्या? मास्तर झोपला का?"

मी आधी पोट धरून हसले. बायकाही हसल्या. मग माझं हसू जागच्या जागी थांबलं, कारण काय झालंय ते माझ्या लक्षात आलं. ह्या बायकांचे कान गाण्यांवर पोसलेले होते. पाळण्यापासून भीमगीतांपर्यंत शेकडो गाणी ज्यांनी एकदोनदा ऐकून उचलली, त्यांना दहा ओळींचा कोल्हा काय जड? अक्षरं धुरपतामायला येत नव्हती असं नाही. पण मास्तर आधी गोष्ट सांगून टाकायचा, त्यामुळे ती अक्षरं जुळवत बसायची तिला गरजच पडत नव्हती. मोबाइल इमानदारीनं ऐकत होता. ती कुठे बघतेय हे त्याला कसं कळणार?

मी हे तिला सांगितलं. "मंग? गोष्ट चुकली का माझी?" तिनं विचारलं.

"नाही."

"एखादा शब्द इकडचा तिकडं?"

"नाही हो माय. पण हे वाचणं नाही, हे म्हणणं झालं."

काळा पडदा तिनं पदरानं पुसला, मला परत दिला आणि म्हणाली, "म्हंजे विहारात बसले तं लोक म्हणतीन धुरपता वाचून राह्यली. अन् मी तं म्हणीत असंन." ग्रंथ तिला ऐकून ऐकून पाठ होता. कोल्ह्याचं आज झालं तेच तिथं होणार, हे तिला माझ्याआधी उमगलं होतं.

शेवंताबाई म्हणाली, "अगं, कोणाला कळणारंय? बस जाऊन जल्दी. पान उलटीत जा."

"लोकायला न्हाई कळणार," धुरपतामाय म्हणाली. "पर बोट माझं खोटं बोलंन ना, बाई."

तो वर्षावास तसाच गेला. यादवदादांनी दोनदा बोलावणं धाडलं. एकदा तर म्हणाले, "वहिनी, अडलं तं म्हणून टाका, कोण बघून राह्यलंय?" ते बिचारे भल्यासाठीच सांगत होते, पण तिला नेमकं तेच लागलं. विहारात ती रोज गेली, मागच्या रांगेत बसली आणि ऐकून परत आली.

वर्गात मात्र ती मोबाइल बंद पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी नवा हुकूम घेऊन हजर झाली होती. "म्याडम, ह्या मास्तरचं तोंड बंद करता येतं का?" येत होतं. मी आवाज बंद केला. आता आधी आपण वाचायचं, अडलं तर पुन्हा बघायचं, आणि मास्तरला शेवटी विचारायचं. सोमवारी मी नवी गोष्ट काढली की ती दटावून विचारी, "कोणी ऐकली न्हाई ना ही? शेवंते, खरं सांग." तरी तिचं समाधान होईना. दोन दिवसांत तीच गोष्ट पुन्हा पाठ झालेली असे. स्मरणशक्तीनं जेरीस आलेला माणूस मी आयुष्यात तो एकच पाहिला.

मग तिनं तोड काढली. "उलटीकडून वाचते," ती म्हणाली. "पाठ कितीही असू द्या, उलटीकडून कोणाला येत न्हाई." आणि खरंच शेवटच्या ओळीच्या शेवटच्या शब्दापासून तिनं सुरुवात केली. "गेला. प्यायला. पाणी. नदीवर. हत्ती." प्रत्येक शब्द सुटा, प्रत्येकासाठी थांबणं, प्रत्येकाशी झगडा. शेवंताबाई म्हणाली, "अवं माय, हत्ती तं मागं मागं चालून राह्यला की!" मोबाइलच्या तर डोळ्यांपुढे अंधारी आली असावी. सगळे शब्द लाल झाले, मुकुट गेला, घुबड दर वेळी पडक्या चेहऱ्यानं म्हणे, "पुन्हा प्रयत्न कर, बाळ." धुरपतामाय त्याला म्हणे, "करून राह्यले ना बाबा." मी ताऱ्यांबद्दल हळहळले तर म्हणाली, "जाऊ द्या. तारे काय दळून खायचेत?"

जी बाई एका दमात गोष्ट संपवायची तिला आता एका ओळीला घाम फुटायचा. जोडाक्षर आलं की ती शिवी घालायची, मग मास्तरकडे बघून जीभ चावायची. पण हिवाळा सरता सरता उलटा हत्ती बऱ्यापैकी चालू लागला. उन्हाळ्यात एकदा मी मिरचीचा भाव छापलेला वर्तमानपत्राचा तुकडा पुढे केला. तो तिनं सरळ वाचला, हळू, पण सरळ, आणि भाव वाचून बाजार समितीला एक अस्सल शिवी दिली. त्या वेळी जीभ चावली नाही.

जूनमध्ये माझी बदली शहागडला झाली. जिल्ह्याच्या एका टोकाहून थेट दुसऱ्या टोकाला, गोदावरीकाठी, जिथं ट्रकांचे हॉर्न ऐकत पोरं पाढे म्हणतात. निरोपाच्या दिवशी मी ते ॲप तिच्या सुनेच्या मोबाइलवर घालून दिलं. धुरपतामाय रडली नाही. "मास्तर ठेवून चालल्या तुम्ही, मंग काय," एवढंच म्हणाली आणि माझ्या पिशवीत वाळल्या मिरच्यांचं गाठोडं कोंबलं. मी एस्टीत मात्र रडले, आणि मिरच्यांमुळे शिंकलेही.

श्रावण संपायला आला होता तेव्हा तिचा फोन आला. नमस्कार-चमत्कार नाही. "म्याडम, शनिवारी वाचून राह्यले मी. या."

मी गेले. शहागडहून जालना, जालन्याहून भोकरदन, तिथून काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेत गाव गाठलं तोवर वंदना सुरू झाली होती. विहार भरला होता. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मूर्तीपुढे मेणबत्त्या. शेवंताबाईनं सरकून मला जागा केली. ती मराठा घरातली, एरवी विहारात न येणारी, पण आज पहिल्या रांगेत होती. वंदना झाली आणि यादवदादा माइकशिवाय माइकच्या आवाजात म्हणाले, "आज वाचन आमच्या वहिनी करतीन. त्यायला तं काय, समदा ग्रंथ पाठच हाय!" लोक कौतुकानं हसले. धुरपतामाय हसली नाही. तिनं चष्मा लावला, ग्रंथ जवळ ओढला आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

सिद्धार्थ संन्यासी व्हायला घर सोडून निघतो तो भाग होता. गावातल्या लहानथोरांना तोंडपाठ असलेला. तिचा वाचनाचा वेग पाहून लोक आधी चुळबुळले. यादवदादांच्या मुखातून जे वाक्य एका श्वासात सुटायचं त्याला ती चार श्वास घेत होती. पण आवाज खणखणीत होता आणि बोट पुढे जात होतं. अर्धं पान झालं.

आणि ती थांबली. बोट एका शब्दाखाली आलं आणि तिथंच राहिलं. शब्द कोणता ते खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मागून एका बाईनं हळूच सांगितलं, "प्रव्रज्या." मग दुसरीनं. यादवदादांनीही न राहवून पुढे वाकून सांगितलं, "प्रव्रज्या, वहिनी, प्रव्रज्या." सगळा विहार तिला प्रेमानं तो शब्द पुरवायला लागला.

धुरपतामायनं डोकं वर न करता डावा हात उचलला. "गप बसा समदे," ती म्हणाली. "त्यो शब्द माझ्या तोंडाला कवाच आलाय. डोळ्याला येऊ द्या जरा."

मला ती बाजूनं दिसत होती. तिनं ओठ घट्ट मिटले होते. बोट त्या शब्दाच्या पहिल्या अक्षराखाली गेलं, थांबलं, दुसऱ्याखाली सरकलं, पुन्हा मागे आलं. इतकी माणसं त्या एका बोटाकडे बघत होती आणि कोणी खोकतसुद्धा नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत. मग तिचे ओठ उघडले.

"प्रव्रज्या," ती म्हणाली.

वाचन संपलं की सगळ्यांनी मिळून 'साधु' म्हणायचं, असा विहाराचा रिवाज आहे. तो रिवाज त्या दिवशी मोडला, आणि मोडणारे पहिले यादवदादा. त्यांनी हात जोडले आणि पान अर्ध्यावर असताना, वाक्यसुद्धा पुरं झालेलं नसताना, विहार दुमदुमला, "साधु! साधु! साधु!"

धुरपतामायनं चष्म्यावरून सगळ्यांकडे रागानं पाहिलं.

"अजून पान व्हायचंय," ती म्हणाली आणि तिचं बोट पुढच्या शब्दाखाली गेलं.